बिनसाखरेचा कप

९ मार्च, सोमवार

माफ कर. पाच महिने तुला हात लावला नाही. शेवटची नोंद १२ ऑक्टोबरची. त्यानंतर दोन दिवसांनी नवऱ्याने गादी उचलून पुढच्या खोलीत नेली आणि लिहिण्यासारखं काही उरलं नाही. म्हणजे होतं. लिहवलं नाही.

आज भत्त्याच्या कार्यालयात गेले. लेकीच्या अडखळत बोलण्यावर आठवड्यातून दोनदा उपचार हवेत, ते आम्हाला झेपणारे नाहीत. एकट्या पालकाचा भत्ता मंजूर झाला तर तेही त्यातच मिळतात. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, नवरा कुठे राहतो? म्हटलं, पुढच्या खोलीत. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

"एका छपराखाली राहून वेगळं असता येतं, बाई. पण ते घरी येणाऱ्या तपासनिसांना दिसायला हवं. स्वयंपाक वेगळा, धुणं वेगळं, आजारपण वेगळं."

आजारपण वेगळं!

विभक्त झाल्याची तारीख लिहिली – १४ ऑक्टोबर. औषधांच्या कारखान्यात मी दिवसभर बाटल्यांवरच्या तारखा तपासते. ही एक मात्र लिहून पुन्हा पुन्हा तपासली.

११ मार्च

फ्रिजचे कप्पे वाटून घेतले. वरचा त्याचा. साबण, कपड्यांची दोरी, डबे – सगळं वेगळं. यात खोटं काही नाही ना? बोलणं तर केव्हाच आटलंय, उरलंय ते लेकीपुरतं. त्याला सगळं समजावून सांगितलं तर म्हणाला, "तू म्हणशील तसं."

हेच ऐकून ऐकून तर विटले होते!

१५ मार्च

ताईचा फोन. म्हणे, तपासनीस येऊन जाईपर्यंत त्याला माझ्याकडे पाठव, कोण बघतंय? मी बघतेय. नाही म्हटलं. "बस मग हरिश्चंद्राची बहीण होऊन," म्हणाली आणि फोन ठेवला.

१८ मार्च, बुधवार

तपासनीस आले. वयस्कर, मृदू बोलणारे. कप्पे पाहिले, दोऱ्या पाहिल्या, दोन्ही खोल्या पाहिल्या. सगळं पटल्यासारखं दिसलं. मी चहा केला. त्यांना दिला, माझा घेतला आणि बोलता बोलताच तिसरा कप पुढच्या खोलीच्या दाराशी स्टुलावर ठेवून आले. वर बशी झाकली.

"हा कोणाचा?"

त्याचा. बिनसाखरेचा.

"रोज ठेवता?"

खोटं बोलायला एक क्षण होता. "हो," म्हटलं. खरंच ठेवते हे मला त्याच क्षणी कळलं. पाच महिने, रोज! बाटलीवरची पुसट तारीख मला लांबून दिसते, आणि हे दिसलं नाही.

त्यांनी लिहून घेतलं. चहा चांगला झालाय म्हणाले.

२७ मार्च

अर्ज नामंजूर. 'सहजीवन चालू असल्याचे दिसते.' चिडून फेरअर्ज लिहायला बसले. तीनदा खोडला. एका कपात कसलं आलंय सहजीवन? – असं लिहिलं आणि तेही खोडलं. लेकीने पत्र वाचलं असावं. जेवताना म्हणाली, "म-मला नको ते उपचार." तिला हवेत. मिळणारच. खिडकी बंद असेल तर दार वाजवीन.

त्याने पत्र वाचलं, घडी घालून जागेवर ठेवलं.

२९ मार्च, रविवार

सकाळी चहा केला. कप घेऊन गेले तर स्टुलावर किल्ली. खोली रिकामी, झाडून घेतलेली. तो कामाच्या जागेजवळच एका खोलीत राहायला गेलाय. लेकीला काल संध्याकाळीच सांगितलं होतं त्याने, दर रविवारी येईन म्हणून. मला नाही. किल्लीखाली भाडेकराराची नक्कल, कोपऱ्यावर पेन्सिलीने – 'अर्जाला जोड.'

इतकं नवऱ्यासारखं तो कित्येक वर्षांत वागला नव्हता.

चहा मी प्यायले. बिनसाखरेचाच.

उद्या : नवा अर्ज. विभक्त झाल्याची तारीख – २९ मार्च.