हरवलेलं वजन

३ मार्च

फरशी पुसायला आलो, तर इथं अणू फोडतात म्हणे! दादानंच चिकटवलं. सफाईच्या टोळीचा तो मुकादम. म्हणाला, "पुसत राहा, डोकं चालवू नकोस." सातवीत शाळा सोडली तेव्हापासून ते नुसतं पडूनच आहे.

५ मार्च

सुरक्षेच्या मॅडमना गाठलं. जाळ नाही, धूर नाही, मग पाणी उकळतं कशानं?

त्या हसल्या नाहीत. ओल्या फरशीवरचा एक मोठा थेंब दाखवला. "युरेनियमचा गाभा असाच, डळमळता. बाहेरून एक न्यूट्रॉन शिरला की फुटून दोन तुकडे. वर दोन-तीन न्यूट्रॉन सुटतात, ते शेजाऱ्यांना फोडतात."

"पण उष्णता?"

"तुकड्यांचं वजन मूळच्यापेक्षा कमी भरतं. हजारात साधारण एक भाग. तेवढ्याचीच ऊर्जा होते."

वजन गायब! वाण्यानं केलं तर मारामारी होते. इथं त्यावर शहर उजळतं.

६ मार्च

मॅडम म्हणाल्या, सूर्यात उलटं! तिथं हलके गाभे जुळतात — तरी वजन घटतंच. उलट जास्त.

दादाला सांगितलं. "आपल्या घरासारखंच की! काका वेगळे झाले तेव्हा भडका, परत एकत्र आले तेव्हाही भडका."

लोखंड मात्र मधलं. फोडून काही मिळत नाही, जुळवूनही नाही.

"म्हणजे आई," दादा म्हणाला. पोट धरून हसलो दोघं.

९ मार्च

अणुभट्टीलगतच्या आतल्या खोलीत जायचंय मला! तिथल्या सफाईच्या खेपा टोळीत सगळ्यांच्या वाट्याला येतात. त्या दादाच वाटतो, पण माझं नावच काढत नाही. "घाई कसली? व्हरांडा पूस." आत जाणारे पांढरा सूट आणि मुखवटा चढवतात. मग कोण कुठला, ओळखूच येत नाही.

११ मार्च

दादा आत, आणि दादाचा बिल्ला कपाटात बुटांमागे!

छातीवरचा हा बिल्ला किरणं मोजतो. मर्यादा भरली की वर्षभर आत सोडत नाहीत. म्हणून काही जुने लोक तो मागे ठेवून जातात. दादासुद्धा?

विचारलं. "फार शहाणा झालास! गप्प बस."

नाव न घेता मॅडमना विचारलं — किरणं अंगातून गेली तर कळतं का?

"नाही कळत. म्हणून तर बिल्ला."



१२ मार्च

थोरला भाऊ. बोट धरून इथवर आणलं त्यानं. सांगू कसं?

१३ मार्च

मॅडमना सांगितलं. नाव घेऊन. चुगलखोर तर चुगलखोर.

१४ मार्च

मॅडमनी नोंदवही पुढ्यात ठेवली. आतल्या खोलीच्या अकरा खेपा माझ्या नावावर. माझ्या बिल्ल्यावर काहीच नाही. मी एकदाही आत गेलेलो नाही — अकराही दादानं माझ्याऐवजी केलेल्या.

त्याला काढलंय. फाटकाशी भेटला. रागावला नव्हता. एवढंच म्हणाला, "आता तुला आत जावं लागेल रे."