नमुना अपुरा

ती. आईला धाकटीचा नमस्कार.

मी बरी आहे. अंगठ्याला ब्लेड लागलं होतं, ते भरलंय. लॅबमध्ये तपासणीला आलेल्या, मेणात बसवलेल्या मांसाच्या तुकड्यांचे पापुद्र्याहून पातळ काप काढायचे. ब्लेड बोथट झालं की ते फाटतात, मेण कोमट झालं की चुरगळतात, आणि बोलणी मी खाते.

काल वरचं मेण तासताना हात जरा जास्त चालला. कुणाच्या तरी गाठीचा, तांदळाच्या कणीएवढा तुकडा होता. सगळा कचऱ्यात गेला. साहेब म्हणाले, "नमुना अपुरा, असं लिही आणि मोकळी हो." मी लिहिलं.

तुझ्या गाठीच्या रिपोर्टवरही तेच आलंय ना? घाबरू नकोस. पुन्हा सुई टोचून घे, ताईला सोबत ने.

तुझाही तुकडा पुरेसाच असेल गं. तिथंही कुणाचा तरी हात जास्त चालला असेल.

तुझीच,
धाकटी