धोतरावरचं पाणी

आबा, मागे वहिनीला मी चुकीचं सांगितलं. धुळ्याहून ऑपरेशन करून आल्यावर तुम्ही कळशी उचललीत, टाके उसवले आणि तिथून तुम्ही खचलात, असंच मी सांगत आले. टाके उसवले नव्हते. जखम तोवर भरली होती. अंगात ताकद यावी म्हणून अर्धी कळशी हातात घेऊन तुम्ही तुळशीपासून दारापर्यंत फेऱ्या घालत होतात. तेवढ्यात पहूरची माणसं भेटायला आली. आजारी माणसाला पाणी भरायला लावलं असं म्हणतील, या धाकाने अक्कांनी, तुमच्या थोरल्या बहिणीने, ती कळशी तुमच्या हातातून ओढली. पाणी धोतरावर सांडलं. मी लहान, ओलं धोतर पाहून मला वाटलं, पोटच उसवलं. अक्कांनी तुम्हाला पलंगावर निजवून वर गोधडी घातली. मग रोजच कुणी ना कुणी यायचं, आणि येणाऱ्याला तुम्ही निजलेलेच दिसायला हवेत, असा अक्कांचा हट्ट. "बठ्ठा लोके पलंग देखाले येतस, माले नही," सगळे पलंगच बघायला येतात, असं तुम्ही म्हणालात तेव्हा पाहुणे हसले. पुढे तुमचे पाय काटक्यांसारखे झाले, दारापर्यंत जायलाही भिंत धरावी लागे. चालत राहिला असतात तर वाचला असतात असं मी म्हणत नाही, आतड्याचा कॅन्सर होता तो. पण दारापर्यंत तरी आपल्या पायांनी गेला असतात.

आता भाऊला तेच दुखणं झालंय, ऑपरेशनही झालं. मेहरूणच्या घरात, खिडकीजवळच्या पलंगावर तो पडून असतो. डॉक्टर म्हणाले, जखम चांगली भरली आहे, आता रोज चाला. पण नुसतं चालून भागणार नाही, हातापायांत ताकदही यायला हवी. खुर्चीवरून उठा, बसा, थोडं थोडं वजन उचला. दोन्ही बरोबरीने चालू द्या. घरी येताच भाऊने उचलायला म्हणून हौसेने दोन तांबे भरून ठेवले. वहिनीने ते मोरीत ओतले आणि म्हणाली, "आबांचं काय झालं ते ताईंनी डोळ्यांनी पाहिलंय." भाऊने माझ्याकडे पाहिलं.

"तू पाहिलंस ना? मग निजतो मी."

मी मोरीतले रिकामे तांबे उचलून पालथे ठेवले. त्याचा पायजमा मांड्यांवर सैल लोंबतो, ते मला दिसतं. डॉक्टरांचं म्हणणंही पटतं. तरी तो चपला घालायला वाकला की माझी नजर आधी त्याच्या सदऱ्यावर जाते, ओला तर झाला नाही ना म्हणून. तांबे उचलायला मी लावलं आणि खरंच काही झालं तर?

तुम्ही मला घरीच अक्षरं शिकवलीत. पाटीवर चुकलं तर पुसू द्यायचा नाहीत. त्याच्याखाली बरोबर लिही, दोन्ही दिसू देत, म्हणायचात. म्हणून हे लिहितेय. खरं तर हे वहिनीला सांगायचं आहे. तिच्यासमोर तोंड उघडत नाही, म्हणून आधी तुम्हाला सांगून बघतेय.

परवा संक्रांत. तिळगूळ घेऊन माणसं येतील आणि पलंगाकडेच बघतील. ती यायच्या आत वहिनीला सांगेन आणि भाऊला मेहरूणच्या तळ्याकाठी चालवून आणेन. परत आल्यावर तांबे मी स्वतः भरून त्याच्या हातात देईन. काठोकाठ मात्र नाही, तेवढं धाडस अजून नाही. पण परवाच, संक्रांतीच्या सकाळी.