समाधान नारळ घेऊन निघालाय

भाऊ,

सकाळी सहाला मी गाडीचं बॉनेट उघडलं. इंजिनात ट्रॅक्टरचं जाड ऑइल आहे. रिकामा कॅन पाण्याच्या टाकीमागे सापडला.

रोहिदास मिस्त्रींनी माझ्यासमोर तुला सांगितलं होतं की पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, म्हणून गाडी ऑइल खाते, इंजिन खोलावं लागेल. तू खोललं नाहीस. जाड ऑइल ओतलंस, म्हणजे आज समाधानला धूर दिसणार नाही. ते जळून कमी झालं की इंजिन रस्त्यातच जाम होईल.

तो गाडी कशासाठी विकत घेतोय हे तुला माहीत आहे. सरिताला नववा महिना लागलाय आणि यावलहून जळगावचा दवाखाना गाठायचाय. काल मी त्याला म्हटलं, मिस्त्री घेऊन ये. तो हसला. "ताई, मामाच्या घरची गाडी! तिला काय तपासायचं?" तू शेजारीच बसला होतास. तूही हसलास.

"तुला गाडीतलं काय कळतं" हे मला आज ऐकवू नकोस. मी ड्युटीसाठी धुळ्याच्या बसने जातेय. कॅन बैठकीत टीपॉयवर ठेवलाय. तो समाधान यायच्या आधी उचलायचा की त्याच्यासमोर, ते तू ठरव.

समाधानने माझा फोन उचलला नाही, म्हणून आत्याला लावला. तिला सांगायला माझी जीभ रेटली नाही. ती म्हणाली, गाडीच्या पूजेसाठी नारळ आणि झेंडूचा हार घेऊन तो पहिल्या बसने निघालाय. सरिताही सोबत आहे.

हेमांगी