चाक जमिनीला टेकण्याआधी

प्रिय वाल्मिक,

चारचौघांत मी तुला 'अहो' म्हणते. इथे 'तू' म्हणणार आहे, कारण जे लिहायचं आहे ते 'अहो'मध्ये बसत नाही. तुझे चारही व्हॉइस मेसेज ऐकले. फोनवर उत्तर दिलं असतं तर तू मध्येच हसला असतास. कागदाला मध्येच तोडता येत नाही, म्हणून कागद.

आर्म पुन्हा बदलल्यावर गाडीच्या डाव्या चाकाचा आवाज बंद झाला, छान झालं. फक्त शेजारच्या सरलाबाईंची पंचाईत झाली आहे. महिनाभर आमच्या गल्लीच्या तोंडाशी खट् खट् ऐकू आलं की त्या भिंतीपलीकडून आईला हाक मारायच्या, "चहा ठेव, जावईबापू आले." नवागामात हॉर्न न वाजवता ओळखली जाणारी तुझी एकच गाडी होती. आता तू सगळ्यांना सांगतोस की पार्ट डुप्लिकेट होता. म्हणून आर्म बसवले त्या सकाळची तुला आठवण करून देते. तुला ती तुझ्या दोस्ताच्या, कुंदनच्या व्हिडिओतली तेवढीच आठवते, आणि त्यात कुंदनने आवाज काढून गाणं घातलं आहे.

दिंडोलीत तुमच्या दारासमोर गाडी दोन स्टँडवर चढवलेली होती, पुढची चाकं अधांतरी. चाकांना खालून सांगाड्याशी धरून ठेवणारे दोन्ही लोअर आर्म तू नवे बसवलेस. सरळ बसवलेस, ते मान्य. तेव्हा मी म्हणाले, बोल्ट आत्ता हातानेच लाव, गाडी चाकांवर उतरव, वजन येऊ दे, मग शेवटचं आवळ. आर्मच्या टोकाला रबराचा बुश असतो. चाक लोंबकळत असताना बोल्ट आवळला की रबर त्याच स्थितीत पकडलं जातं. गाडी खाली आली की ते कायम पिळलेलं राहतं, आणि प्रत्येक खड्ड्यात आणखी पिळतं. मग फाटतं. हे मी तुला एकदाच आणि व्यवस्थित सांगितलं.

तुझ्या आई म्हणाल्या, "पहिले लिंबू, मंग माटी." मोठं काम झालं की चाक पहिल्यांदा टेकेल ते लिंबावर, आणि पूजा झालेल्या गाडीखाली पुन्हा पाना घेऊन शिरायचं नाही. मुहूर्त अकरा चाळीसचा होता आणि अकरा वीस झाले होते. तू पान्याला पाइप अडकवलास आणि त्यावर चक्क उभा राहिलास. ठरलेल्या आकड्याला स्वतः 'कट्' करून 'बस' सांगणारा माझा टॉर्क रेंच कुंदनने हातात तोलून पाहिला. "मॅडम, ये कंपनी नहीं, घर है." तू माझ्याकडे न बघता म्हणालास, "तुझ्या कारखान्याचं शहाणपण तिकडे सचिन गावात. इथे हाताला कळतं." तुझ्या हाताला दात-ओठ खाण्याशिवाय दुसरं माप ठाऊक नाही, हे मी तेव्हाच पाहिलं. लिंबं फुटली, टाळ्या पडल्या, व्हिडिओ झाला.

आईंच्या लिंबाला मी दोष देत नाही. चाक जमिनीला न लावताही आर्मवर वजन देता येतं. जॅक सरळ आर्मखाली घ्यायचा आणि गाडी स्टँडवरून सुटू लागेपर्यंत वर करायचा. लिंबू राहिलं असतं, मुहूर्त राहिला असता, रबरही राहिलं असतं. हे मला त्याच वेळी माहीत होतं. पण सगळे हसले होते. मी रेंच पुसून डब्यात ठेवला आणि मनात म्हटलं, भोगा. भोगणारा तिसराच कोणी निघेल, हा हिशेब माझ्याकडून राहिला.

निंबाकाका बाबांबरोबर वीस वर्षं कापडाच्या लूमवर होते. कान गेले तेव्हा लूम सुटला आणि पार्टच्या दुकानात काउंटर मिळाला. आर्म विकत घेतलेस त्या दिवशी डबा तुझ्या हातात देताना ते जरा मोठ्यानेच म्हणाले होते, "गाडी खाले उतार, मंग टाईट कर रे भाऊ." मी शेजारी उभी होते. ऐकू ज्यांना कमी येतं ते सांगत होते, आणि ज्याला नीट येतं तो मोबाइल बघत होता. आता तू दुकानाच्या शेठला सांगितलंस की त्यांनी असली डब्यात नकली माल घालून दिला. शेठने त्यांना सोमवारपासून येऊ नका म्हटलं आहे. काकांनी बाबांना एवढंच विचारलं, "मना हातले चोरी कशी लागनी?" बाबांनी फक्त चहाचा कप पुढे सरकवला, कारण तू त्यांचा होणारा जावई आहेस.

तुझ्या चौथ्या मेसेजमुळे हे पत्र लिहिते आहे. "तू डिप्लोमावाली, डुप्लिकेट होता एवढंच बोल, शेठ मानेल." काढलेला आर्म पुरावा म्हणून तू आमच्या ओट्यावर टाकून गेलास. मी तो माझ्या कारखान्यात नेला, बुश कापला, मोजला. माल असली आहे. रबर एकाच दिशेने पिळून फाटलं आहे, आणि बोल्ट पाइपने ताणला गेला आहे. दोन पानांचा रिपोर्ट केला आहे. दुसऱ्या पानावर, मला उपाय माहीत असून मी गप्प राहिले, हेही लिहिलं आहे. रविवारी सकाळी अकराला मी दुकानात असेन. तू आलास तर निंबाकाकांसमोर शेठला तूच सांग, रिपोर्ट पर्समधून बाहेर येणार नाही. नाही आलास तर मी वाचून दाखवीन, आणि अंगठी सरलाबाईंकडे असेल, घेऊन जा. तू आलास काय नि न आलास काय, रेंच मात्र सोबत आणते आहे. उजवी बाजू अजून तशीच पिळलेली आहे, आणि त्या बाजूच्या मागच्या सीटवर तुझ्या आई बसतात. ती सैल करून पुन्हा नीट आवळेपर्यंत त्यांना त्या गाडीत बसवू नकोस.

तुझीच,
रविवारी सकाळी अकरापर्यंत,
हर्षदा