फळ्यावर यंदा पेकम

८ फेब्रुवारी
बाहेर बर्फ. आत मी आणि निश्चय. यंदाच्या मोसमातला पहिला पट्टेरी बास मासा माझाच. ऑलिव्हच्या आमिषाच्या दुकानात एक फळा आहे. किनाऱ्यावरून पहिला अठ्ठावीस इंची ज्याने काढला, त्याचं नाव त्या वर्षापुढे रंगवतात. वडिलांचं, म्हणजे थोरल्या पेकमचं, नाव त्यावर इतक्या वेळा आहे की ऑलिव्ह म्हणते, ठसाच करून घ्यायला हवा होता. माझं एकदाही नाही. कारण नशीब. शिवाय वारा.

निश्चय: रोज पहाटे दोन मैल चालणे. डंबेल्स. बिअर फक्त रविवारी.

९ फेब्रुवारी
चालायला निघालो. पायरीवर बर्फ. घसरून गुडघा गेला असता तर मोसमच गेला असता, म्हणून परत आलो. याला दूरदृष्टी म्हणतात. रविवारची बिअर आजच घेऊन टाकली, म्हणजे रविवारी व्यायामाला मोकळा.

२३ फेब्रुवारी
बायकोचा, आयडाचा, मूड बरा नाही. ती शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला जाते, पहाटे निघते, आणि निघायच्या आधी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडते. दर हिवाळ्याला हेच. गाडी बाहेर, कारण गॅरेजमध्ये माझे गळाचे रॉड, जाळी, बादल्या, वडिलांची तुटकी होडी. यात माझा काय दोष? होडी बाहेर ठेवली तर खराब होईल.

आज ती शांतपणे म्हणाली, "यंदा फळ्यावर पेकम लागलं तर गॅरेज तुझं, मी मरेपर्यंत तोंड उघडणार नाही. नाही लागलं तर तुझं सामान बाहेर, माझी गाडी आत." मी लगेच हो म्हटलं. बिचारी. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला.

९ मार्च
नवा रॉड आणला. अकरा फुटी. आयडाला म्हटलं, जुनाच आहे, पुसलाय जरा. ती म्हणाली, जुन्याला दुकानाची चिठ्ठी लटकते का? चिठ्ठी काढायची राहिली होती. बायका नको तिथे बघतात.

डंबेल्स गॅरेजमध्ये आहेत. होडीखाली. होडी उचलायला ताकद हवी, ताकदीला डंबेल्स हवेत. हा प्रश्न माझ्या हातचा नाही.

१६ मार्च
अंगणात फेकीचा सराव. दोरीला गळाऐवजी नुसतं शिसं लावून तीन फेकी उत्तम. चौथीला वारा फिरला आणि शिसं आयडाच्या गाडीच्या मागच्या लाल दिव्यावर. ती म्हणाली, गाडी गॅरेजमध्ये असती तर हे झालं नसतं. म्हटलं, तो मुद्दा इथे लागू होत नाही. तरी अंतर बघता फेक जबरदस्त होती. हे तिने मान्य केलं नाही.

६ एप्रिल
ओढ्यात हेरिंग मासे चढायला लागले. त्यांच्या मागोमाग बास येणार. डोकं चालवायची वेळ आली.

या गावात माणूस पाद्र्याला सगळी पापं सांगेल, पण मासे कुठे लागतात ते सांगणार नाही. विचारलं तर थाप मारायची, ही रीत. थापेत वडिलांचा हात कोणी धरला नसता. मी त्यांचाच मुलगा. माझी खरी जागा बेकर खडक. आणि सगळ्यांना सांगायची जागा कोळसा धक्का, जिथे गेल्या कित्येक वर्षांत शेवाळाशिवाय कोणाला काही लागलेलं नाही. मुद्दाम धक्क्यावर जाऊन तिथला काळा चिखल ट्रकच्या चाकांना फासून आलो. बूटही माखले. इतका बारीक विचार वडिलांनाही जमला नसता.

आयडालाही धक्काच सांगितला. तिच्या कानात सकाळी पडलेलं संध्याकाळपर्यंत गसच्या कानात असतं. गस म्हणजे तिचा भाऊ. गेल्या वर्षी फळ्यावर तोच होता. युद्धात घरचे-दारचे बघून चालत नाही.

८ मे
शेजारच्या लिलॅकच्या झुडपाला कळ्या. लिलॅक फुललं की बास आला, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल.

ऑलिव्हच्या दुकानात मोठ्या आवाजात म्हटलं, यंदा आपण बुवा कोळसा धक्का. गस तिथेच उभा होता. म्हणाला, "धक्का का, दाजी? बरं बरं." आणि माझ्या हातातला डोनट घेऊन खाल्ला. चेहऱ्यावरून कळलं, आमिष गिळलंन.

छातीपर्यंतची रबरी पँट घालून पाहिली. आटली आहे. गॅरेजमध्ये ओल फार.

१४ मे, दुपार
लिलॅक फुललं. पहाटे चोरपावलांनी निघालो. नीट लिहून ठेवतो, म्हणजे पुढे विपर्यास नको.

बेकर खडकावर मी एकटा. वारा पडलेला, भरती चढती, सगळं पाहिजे तसं. चार तास उभा होतो. शेवाळ निघालं. मग एक खेकडा, तोही स्वतःहून सोडून गेला. साक्षीदाराशिवाय मासा फळ्यासाठी धरत नाहीत, हे तिथे उभं राहिल्यावर आठवलं. म्हणजे लागला नाही तेच बरं झालं.

घरी आलो तर आयडा आणि गस आधीच येऊन बसलेले. ओट्यावर माझा डबा नव्हता. मी विसरून गेलो होतो, तो आयडाने घेतला होता. लिंगीसा सॉसेज घातलेला पाव आणि कॉफीचा थर्मास. शाळेला सुट्टी होती, मी उपाशी राहीन म्हणून ती धक्क्यावर गेली. दगड निसरडे, म्हणून गसला बरोबर घेतलं.

गस म्हणाला, "खरं सांगू का दाजी, तुम्ही धक्का म्हणालात तेव्हाच सगळ्या गावाला कळलं की तिथे काही नाही. तुमच्यावर विश्वास ठेवणारी एकटी आमची ताई." ती धक्क्याच्या टोकापर्यंत मला शोधून आली. पाण्यात पडलो की काय म्हणून खडकांच्या फटीत डोकावून पाहिलं. मग ट्रकच नाही म्हटल्यावर, येईल इतक्यात, म्हणून थांबली. गसने कंटाळून स्वतःचा रॉड तिच्या हातात दिला. म्हणाला, उभीच आहेस तर धर.

एकोणतीस इंच. मोसमातला पहिला. गस साक्षीदार. मोजून, फोटो काढून सोडून दिला. आणि माझा पावही दोघांनी खाल्ला.

आयडाने ट्रकच्या चाकांना फासलेल्या वाळक्या चिखलाकडे तेवढं पाहिलं.

१५ मे
रात्रभर विचार केला. शांत डोक्याने पाहिलं तर मीच जिंकलो. अट काय होती? फळ्यावर पेकम लागलं पाहिजे. लग्न होऊन एकतीस वर्षं झाली, आयडा पेकम नाही तर कोण? शिवाय जागा मीच सांगितलेली. एका अर्थी मासा माझाच. हे सगळं तिला समजावलं. ती म्हणाली, फळा बघून ये आधी.

१७ मे
ऑलिव्हकडे गेलो. रंग अजून ओला होता. आयडा मेडीरोस. माहेरचं. ऑलिव्ह म्हणाली, मी "पे" लिहायला घेतलं होतं, तिनेच हात धरला.

दिवसभर गॅरेज उपसलं. वडिलांची होडी आता अंगणात, उघड्यावर. तिच्याखाली डंबेल्स सापडले. आयडाने गाडी आत घेतली, दार लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली. मग विचारलं, उद्या पहाटे कुठे जाणार आहेस?

कुठेच नाही, असं सांगितलं. अगदी खरं सांगितलं.

ती म्हणाली, "बरं बरं."