बेट की पोलंड

९ मे

अल्ताफची मुलगी चंद्रपूरला आली. शिकागोहून मुंबई, मुंबईहून नागपूर, इथपर्यंत ठीक होतं म्हणे. नागपूरहून फारूकनं स्वतःच्या गाडीनं आणली, आणि वरोऱ्याच्या अलीकडे एसी बंद पडला. मुलीचं नाव निशात. तेवीस वर्षांची. उतरल्यावर पहिलं वाक्य इंग्रजीत: "हे हवामान कायदेशीर आहे का?" मला आवडली.

अल्ताफ आणि मी शाळेत एका बाकावर. दोघांनी संस्कृत घेतलं होतं — मी भक्तीनं, त्यानं मार्कांसाठी. मार्क त्याला पडले. तो कॉम्प्युटर शिकून अमेरिकेला गेला, मी संस्कृतात एम.ए. होऊन वार्ताहर झालो. कोळसा आणि वाघ या विषयांवर लिहितो. त्याचा धाकटा भाऊ फारूक इथंच आहे. फ्लेक्स छापतो. तिघांत चालतं दुकान त्याचंच.

मुलीला डॉक्टर व्हायचं आहे. तिकडच्या कॉलेजांनी दोन वर्षं नाही म्हटलं. आता असं की, बाहेरच्या देशात, पण इंग्रजीतून शिकवणाऱ्या कॉलेजात जायचं आणि डॉक्टर होऊन अमेरिकेत परतायचं. दोन जागा हातात आहेत. एक कॅरिबियन समुद्रातल्या कुठल्याशा बेटावर, दुसरी पोलंडमध्ये. होकार महिनाअखेरीपर्यंत द्यायचा. बापानं सांगितलं, दादीकडे जा, दुवा घे, शांतपणे ठरव.

शांतपणे! फारूकच्या घरात!

११ मे

आज फारूककडे सल्लागार मंडळ बसलं होतं. गल्लीतला प्रत्येक जण. एकानं विचारलं, नीटमध्ये किती आले. दुसऱ्यानं बजावलं, परत येऊन ती परीक्षा द्यावी लागते, त्याचा साडू चारदा बसला. तिसरा म्हणाला, रशिया का नाही. मुलगी अमेरिकन आहे, परत अमेरिकेत जाणार आहे, आपली एकही परीक्षा तिला लागू नाही, हे मी दोनदा सांगितलं. "ते बरोबर हाय भाऊ, पन नीटचं काय?"

आंधळे आणि हत्ती ही गोष्ट जुनी. इथं हत्तीही दुसऱ्याच जंगलातला.

फारूकनं तिला काल नागपूरच्या एका सल्लागाराकडेही नेलं होतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, हरकत नाही, आधी तीन महिने इंग्रजी बोलण्याचा क्लास लावा.

१२ मे

खैरुनबींकडे गेलो. अल्ताफ-फारूकची आई. ऐंशी पार. तरुणपणी डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन आरमोरी, ब्रह्मपुरीकडची गावं पायी हिंडल्या. तिकडची झाडी बोली अशी बोलतात की तिकडचा माणूस त्यांना आपल्यातलीच समजून गाव विचारतो.

नातीशी बोलणं मात्र सुनेमार्फत. निशातची आई तिकडची, घरात इंग्रजीच चालतं. मग फारूकची बायको शगुफ्ता मधे बसते. खैरुनबी आज चांगली पाच मिनिटं बोलल्या — नातीचे हात बापासारखे आहेत, बाप लहानपणी माती खायचा, बांगड्या भरताना पोरी कशा रडायच्या. शगुफ्तानं भाषांतर केलं: "दादी सेज, ईट."

नातीनं खाल्लं.

१४ मे

अल्ताफचा फोन. अजूनही सुरुवात "नमो नमः" नं करतो, बायकोला वाटतं काहीतरी धार्मिक आहे.

त्याचं मत बेट. दोन वर्षं तिथं पुस्तकं, मग अमेरिकेतल्याच दवाखान्यांत काम शिकायचं, म्हणजे परत यायची भानगड नाही. पोलंड म्हणजे चार वर्षं पोलंडच. "तू समजाव तिला. तुझं ऐकेल."

म्हटलं, माझं माझी मोटारसायकल ऐकत नाही. शिवाय वार्ताहर बाजू घेत नसतो.

"तू शाळेत बी असाच होता. दोन्हीकडून खो-खो खेळत होता."

१७ मे, आलापल्ली

तेंदूपत्त्याच्या बातमीसाठी आलो. निशात बरोबर आहे. तिला जंगल पाहायचं होतं, फारूकला ती सल्लागार मंडळातून बाहेर काढायची होती. विश्रामगृहाचा पंखा लोकशाहीसारखा आहे. आवाज पुष्कळ.

१८ मे

भामरागडच्या वाटेवर एक लहान दवाखाना आहे. तिथल्या डॉक्टर रिना माझ्या ओळखीच्या. माजरीच्या. वडील कोळसा खाणीत होते. बाई किर्गिझस्तानात इंग्रजीतून शिकून आल्या. निशातला म्हटलं, बेट आणि पोलंड या विषयावर बोलायचा अधिकार असलेला या भागात एकच माणूस आहे, तो हा.

आम्ही पोचलो तेव्हा झिंगू नावाचे एक माडिया आजोबा आलेले. बरोबर सहा नातेवाईक. रिनाबाई खाली जमिनीवर बसल्या आणि माडियात बोलू लागल्या. आजोबा बोलत होते. मोहाचं, मुलीच्या सासरचं, अस्वलाचं — मला बाजूच्या माणसानं सांगितलं म्हणून कळलं. बाई ऐकत होत्या. घाई नाही. मग आजोबा उठले, दारापर्यंत गेले, आणि दाराला धरून दोन शब्द बोलले. बाईंनी त्यांना परत आत घेतलं.

दोन आठवडे लघवीतून रक्त.

निशातनं विचारलं, सरळ आधीच का नाही विचारलं.

"विचारलं की तो 'बरा हाय' म्हन्ते," बाई म्हणाल्या. निशातसाठी पुन्हा इंग्रजीत सांगितलं. "डॉक्टरले वाईट नाई वाटावं म्हनून. खरं काय ते उठता उठता निघते. तेवढं तुमाले बसता आलं पाहिजे."

मग चहा. बाई माझ्याशी त्यांच्या बोलीत, तिच्याशी इंग्रजीत, शिपायावर ओरडणं दोन्हीत.

"तिथी वर्गात सगळं इंग्रजी होतं. वार्डात रशियन. सर सांगे, लिव्हर मोठं हाय, मी लिहून घेत होती. पेशंट काय म्हनून राह्यला, ते कोनी सांगत नव्हतं. मी नुसती हसत होती त्याच्याकडे पाहून. तो बी हसे. परत आली त इथली परीक्षा पास व्हायले तीन खेपा. लोक म्हन्ते परीक्षा कठीन होती. परीक्षा नाई वो, मी पेशंटच पाहिला नव्हता."

निशातनं वही काढली. मग तिनं विचारलं, मी काय बघू? इमारत, निकाल, शिक्षक?

"एकच विचार दोन्ही कॉलेजले. तिसऱ्या वर्षी मले खाटेपाशी कोन उभं करते, आन् त्या खाटेवरची बाई कोन्या भाषेत रडते."

निघताना बाईंनी तिला चार वाक्यं शिकवली. वार्डात उभं राहायला एवढी लागतात म्हणे, कोणत्याही भाषेत. कुठी दुखते? कवापासून? जेवली का? भेव वाटते का? शेवटच्यावर निशात अडखळली. भ तिच्या तोंडात ब होतो.

परतीच्या वाटेत ती चार वाक्यं आष्टीपर्यंत चालू. ड्रायव्हर शेवटी म्हणाला, "पाठीत दुखते बाई, लग्नापासून."

२० मे

दोन्ही कॉलेजांना तिनं लिहिलं. रिनाबाईंचा प्रश्न, जसाच्या तसा. फक्त 'रडते' च्या जागी 'बोलते'. म्हटलं, भाषांतरात इतकं सांडतंच.

घरात आता कोणी सुटत नाही. फारूकला: "चाचा, कुठी दुखते?" फारूक: "दुकानात, बेटा. उधारीवर." मला विचारलं, मी संपादकांचं नाव सांगितलं. खैरुनबी तर हसून हसून खोकल्या. "पोट्टी अमेरिकेची आन् बोली आरमोरीची! मले काय होते वो? मी बरी हाय."

रोज विचारते, रोज त्या हसतात.

२३ मे

जटपुरा गेटकडे जाताना चौकात मान वर केली आणि गाडी थांबवली.

"चंद्रपूरची लेक, अमेरिकेची शान. डॉ. निशात यांची कॅरिबियन मेडिकल कॉलेजमध्ये निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!" गळ्यात स्टेथोस्कोप, कॉम्प्युटरनं घातलेला. पाठीमागे समुद्र, गोव्याचा. खाली अकरा शुभेच्छुक, प्रत्येकाचा फोटो मुलीपेक्षा मोठा.

दुकानात गेलो. फारूक मशीनपाशी.

"काऊन लावला?"

"भाईजान फोनवर बोलला ना, बेट पक्कं समज म्हनून."

"पोरीला विचारलं?"

"तिले सरप्राइज द्यायचं होतं. कसा निघाला? निळा रंग पाहा ना भाऊ."

निळा चांगला निघाला होता, तसं सांगितलं. उतरव म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. शुभेच्छुकांत वार्डातले दोन इच्छुक उमेदवार आहेत, त्यांचा फोटो खाली घेतला तर ते काय समजतील. खरं आहे. आपल्याकडे फ्लेक्स आधी लागतो, घटना मागून येते. सहसा येते.

नैयायिकांनी ज्ञानाची प्रमाणं चार मानली. चंद्रपूरनं पाचवं जोडलं.

२४ मे

सकाळपासून फारूककडे माणसांची रांग. पेढे. एका गृहस्थांनी निशातला शाल दिली, या उन्हात. ती मला हळूच म्हणाली, मी अजून हो म्हटलेलं नाही, हे यांना माहीत आहे का?

म्हटलं, यांना तो तपशील वाटतो.

संपादकांचा फोन: बातमी पाठवा. पाठवली नाही.

२६ मे

दोन्हीकडून उत्तरं आली. निशातनं वाचून दाखवली.

बेटाचं लांबलचक, प्रेमळ, फोटोंसकट. प्रश्नाचं उत्तर तेवढं नाही. म्हणून तिनं फोन लावला. अमेरिकेतल्या कोणत्या दवाखान्यात पाठवणार? ते वेळ आल्यावर कळेल. पहिल्या वर्षाला बसलेल्यांपैकी तिथवर किती पोचतात? आमच्या समुपदेशकाशी बोला. ती त्याच्याशीच बोलत होती.

पोलंडचं चार ओळींचं. शिकवणं इंग्रजीत. रुग्ण पोलिश. पहिली दोन वर्षं पोलिश भाषा सक्तीची, परीक्षा होते, नापास झालेल्यांना वार्डात घेत नाही. इंग्रजीवर भागेल असं वाटत असेल तर कृपया येऊ नये.

फारूक: "हे त सरळ नाई म्हनून राह्यले."

निशात: "नाही. हे उत्तर देत आहेत."

रात्री अल्ताफ. तेविसाव्या वर्षी नवीन भाषा? म्हटलं, तू तेराव्या वर्षी मेलेली शिकलास. तो हसला नाही. म्हणाला, "गुणवंत, चार वर्षं तिथी काढून परत आली, आन् इकडच्या दवाखान्यांनी पुन्हा नाही म्हटलं त? दोनदा तिचा चेहरा पाहिला मी. तिसऱ्यांदा नाही पाहू शकत."

बेटावरून आल्यावर तसं होणार नाही का, हे मी विचारलं नाही.

२७ मे

निशात संध्याकाळी घरी आली. बेट ठरवलं म्हणाली. बाबांना झोप लागेल, चाचाला फ्लेक्स उतरवावा लागणार नाही, शालवाल्याला शाल परत करावी लागणार नाही. बोटांवर मोजून सांगितलं.

त्या मोजणीत ती स्वतः कुठं आली नाही. मला दिसलं. चहा केला.

जाताना दारात थांबली. वाटलं काही म्हणेल. म्हणाली, साखर जास्त होती.

२९ मे

सेहेचाळीस अंश. निशात दुपारी बेटाला होकार पाठवणार होती. शगुफ्ता माहेरी गेली आहे, खैरुनबींना एकटं वाटत होतं. त्यांनी नातीला पान लावायला बसवलं. होकार राहिला.

३१ मे

खैरुनबींनी परवा, रोजचं 'कुठी दुखते?' ऐकून, नातीला दार लोटायला सांगितलं आणि पदर बाजूला करून छातीतली गाठ दाखवली. वर्ष झालं म्हणे. मुलांना सांगण्यासारखी नव्हती, सुनेनं मधे बसून सांगण्यासारखीही नव्हती. आज सगळे नागपूरला, तपासणीसाठी. निशातनं गाडीतून अल्ताफला फोन केला. आधी त्याच्या आईचं सांगितलं, मग पोलंडला होकार पाठवल्याचं. तो तिकीट काढतो आहे. पोलंडबद्दल त्यानं काही विचारलं नाही.